फ्रान्समधील दोन वर्षांची कायदेशीर हमी: दुकान "वॉरंटी संपली" म्हणाले तर काय करावे?

निशिगंध (तुलूझ), १९ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. ९ मार्च २०२४ रोजी आम्ही इथल्या एका मोठ्या दुकानसाखळीतून ४४९ युरोंना वॉशिंग मशीन घेतले. दुकानाच्याच माणसांनी ते त्या दिवशी घरी आणून बसवून दिले. पंधरा दिवसांपूर्वी कपडे पिळले जाताना ड्रममधून आधी घरघर आणि मग जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि परवा सकाळी मशीनखालून गंजाच्या रंगाचे पाणी फरशीवर आलेले दिसले.

दुकानात गेले तेव्हा काउंटरवरील बाईंनी बिलावरचा दिनांक पाहिला आणि सांगितले की कंपनीची वॉरंटी बारा महिन्यांची होती, ती संपली. तंत्रज्ञ हवा असेल तर नुसत्या तपासणीचे ८९ युरो पडतील, नाहीतर उत्पादक कंपनीला फोन करा. खरेदीच्या वेळी आम्ही ७९ युरोंची वाढीव हमी नाकारली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

फ्रान्समध्ये दोन वर्षांची हमी कायद्यानेच मिळते असे कानावर आले होते. तसे असेल तर दुकान बारा महिने कशाच्या आधारावर सांगते? आणि दाद मागायची ती दुकानाकडे की कंपनीकडे? माझे फ्रेंच रोजच्या व्यवहारापुरते आहे, काउंटरवर वाद घालण्याइतके नाही, म्हणून इथे विचारते आहे.

अनुस्वार (नान्त)

बिल जपून ठेवले आहे ना? ते अगदी खालपर्यंत वाचा. घरगुती विद्युत उपकरणांच्या बिलावर कायदेशीर हमीचा आणि तिच्या मुदतीचा उल्लेख करणे २०२१ च्या जुलैपासून दुकानांवर बंधनकारक आहे.

निशिगंध (तुलूझ)

अनुस्वार, खरेच की! रकमेच्या खाली, बारीक अक्षरांत, 'गारांती लेगाल द कोंफोर्मिते, २ वर्षे' अशी ओळ आहे. ज्या कागदावर बोट ठेवून मला "मुदत संपली" असे सांगितले, त्याच कागदावर ती छापलेली आहे.

सीनकाठ (पॅरिस)

निशिगंधताई, तुमचा हक्क शाबूत आहे. फ्रान्समध्ये एकाच वस्तूवर दोन वेगळ्या हमी असू शकतात आणि काउंटरवर नेमका त्यांचाच घोळ घातला जातो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिली हमी व्यापारी. ती उत्पादक किंवा दुकान स्वतःच्या इच्छेने देते, तिची मुदत आणि अटी तेच ठरवतात, आणि बाईंनी सांगितलेले बारा महिने हे या हमीचे आहेत. दुसरी हमी कायदेशीर. ती ग्राहक संहितेच्या एल २१७-३ आणि त्यापुढील कलमांतून येते, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि कोणतेही दुकान करारात लिहून ती काढून घेऊ शकत नाही. तिची मुदत वस्तू हातात पडल्यापासून दोन वर्षे, म्हणजे तुमच्या बाबतीत ९ मार्च २०२६ पर्यंत. पहिली संपल्याने दुसरी संपत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की कायदेशीर हमीची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. ज्याला पैसे दिले त्यानेच निस्तरायचे. "कंपनीला फोन करा" हे उत्तर कायद्याला धरून नाही. तुमचा करार दुकानाशी झाला आहे, कंपनीशी नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. नव्या वस्तूत दोन वर्षांच्या आत दोष दिसला, तर तो वस्तू देतानाच तिच्यात होता असे कायदा गृहीत धरतो. एल २१७-७ हे ते कलम. दोष मुळातला होता हे तुम्ही सिद्ध करायचे नसते; तो तुमच्या वापराने झाला असे दुकानाचे म्हणणे असेल तर ते दुकानाने सिद्ध करायचे. त्यामुळे तपासणीचे ८९ युरो तुमच्याकडून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

दुरुस्ती हवी की बदली वस्तू, हे निवडण्याचा अधिकार तुमचा. तुम्ही निवडलेला पर्याय अशक्य असेल किंवा दुसऱ्याच्या तुलनेत त्याचा खर्च अवाजवी असेल, तरच दुकान तो नाकारू शकते. मागणी केल्यापासून तीस दिवसांत काम झाले नाही, तर किंमत कमी करून घेता येते किंवा वस्तू परत देऊन पैसे मागता येतात.

मृगनक्षत्र (ग्रनोब्ल)

मी वाचले होते की दोष मुळातला होता असे पहिल्या सहा महिन्यांतच गृहीत धरतात आणि पुढे ग्राहकालाच पुरावा द्यावा लागतो. मग सतराव्या महिन्यात ताईंचे कसे जमेल?

सीनकाठ (पॅरिस)

मृगनक्षत्र, तुम्ही वाचलेले जुने आहे. १७ मार्च २०१४ च्या कायद्याने, ज्याला तेव्हाचे मंत्री बनुआ आमों यांच्या नावाने ओळखतात, ही मुदत सहा महिन्यांवरून चोवीस महिन्यांवर नेली आणि १८ मार्च २०१६ पासून तो बदल लागू झाला. वापरलेल्या वस्तूंसाठी सहा महिने राहिले होते, तेही १ जानेवारी २०२२ पासून बारा झाले. इंटरनेटवर जुने लेख तसेच पडून आहेत आणि कधीकधी दुकानातील कर्मचारीही त्यांच्याच आधारावर बोलतात. एखादे कलम उद्धृत करण्यापूर्वी ते २०२२ नंतरचे आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

पंचगंगा (कोल्हापूर)

मी फ्रान्समध्ये राहत नाही, पण गेली बावीस वर्षे माझे घरगुती उपकरणांचे दुकान आहे, म्हणून काउंटरच्या पलीकडून लिहितो. मशीन मी बनवत नाही, बंद आलेले खोके तसेच गिऱ्हाइकाकडे पोचवतो. आतले बेअरिंग सतरा महिन्यांत गेले, तर त्याचा भुर्दंड माझ्यावर का? आमच्याकडे कंपनीचे वॉरंटी कार्ड असते, गिऱ्हाईक थेट कंपनीला फोन करते आणि कंपनीचा माणूस घरी जातो. लहान दुकानदाराला फ्रेंच पद्धत परवडणार नाही असे मला प्रामाणिकपणे वाटते.

सीनकाठ (पॅरिस)

पंचगंगा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कायदा करताना तो विचारात घेतला गेला आहे. ग्राहकाची भरपाई करणारा विक्रेता पुढे आपल्या पुरवठादारावर किंवा उत्पादकावर दावा करू शकतो, तशी तरतूद त्याच संहितेत आहे. एकट्या ग्राहकाने परदेशातल्या कारखान्याच्या मागे धावण्यापेक्षा, रोज त्याच कारखान्याकडून माल घेणाऱ्या दुकानाने ते करणे सोपे, हा त्यामागचा विचार आहे. तरीही लहान दुकानदाराचे पैसे मधल्या काळात अडकतात, ही तुमची अडचण खरी आहे आणि ती मी नाकारत नाही.

कोलोनवासी (जर्मनी)

तुलनेसाठी सांगतो. दोन वर्षांची किमान मुदत युरोपीय संघाच्या निर्देशातून आली असल्यामुळे आमच्याकडेही ती आहे, पण दोष मुळातला असल्याचे गृहीतक जर्मनीत एकच वर्ष चालते. निशिगंधताईंचे मशीन इथे घेतलेले असते, तर सतराव्या महिन्यात पुरावा त्यांना द्यावा लागला असता. स्पेनमध्ये मुदत तीन वर्षांची आहे. "युरोपात सगळीकडे सारखेच" असे समजून कोणी सल्ला देऊ नये.

बारामतीकर (लियों)

ताई, इतक्या भानगडीत पडण्यापेक्षा सरकारी दुरुस्ती बोनस घ्या. डिसेंबर २०२२ पासून योजना सुरू आहे, 'कालिरेपार' हे चिन्ह लावलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले की बिलातूनच रक्कम वजा होते. मी माझे डिशवॉशर असेच करून घेतले.

अनुस्वार (नान्त)

बारामतीकर, तो बोनस हमीची मुदत संपलेल्या उपकरणांसाठी आहे. ताईंचे मशीन अजून कायदेशीर हमीत आहे. जे काम दुकानाने फुकट करून द्यायचे, त्यासाठी ताईंनी उरलेली रक्कम खिशातून का भरावी?

बारामतीकर (लियों)

मान्य. माझे डिशवॉशर सहा वर्षांचे होते, हे मी लक्षात घेतले नाही.

मृगनक्षत्र (ग्रनोब्ल)

माझा अनुभव विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. इथे शिकायला आल्यावर मी एका संकेतस्थळावरून नूतनीकरण केलेला, म्हणजे 'रकोंदिसियोने', फोन घेतला. पाचव्या महिन्यात चार्जिंगची जागा सैल झाली; तार एका विशिष्ट कोनात धरली, तरच फोन चार्ज होई. विक्रेत्याने कळवले की आत ओलावा गेल्याच्या खुणा आहेत, म्हणजे चूक वापरणाऱ्याची आहे, आणि फोन दुरुस्त न करताच परत पाठवतो.

ऑनलाइन खरेदी असली की कारण न देता वस्तू परत करायला चौदा दिवस मिळतात, पण ते केव्हाच उलटून गेले होते. मग वसतिगृहातील एका फ्रेंच मैत्रिणीने समजावले की वापरलेल्या वस्तूलाही दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, फक्त दोषाबद्दलचे गृहीतक पहिल्या बारा महिन्यांपुरते चालते. मी पाचव्या महिन्यात होते. मी चार ओळींचा ईमेल लिहिला: ओलाव्याने बिघाड झाला असेल तर तंत्रज्ञाचा अहवाल आणि छायाचित्रे पाठवा. अहवाल आला नाही. नऊ दिवसांनी दुसरा फोन आला.

माझा प्रश्न सीनकाठ यांना: असाच फोन एखाद्या व्यक्तीकडून, जाहिरात पाहून घेतला असता तर?

सीनकाठ (पॅरिस)

मग ही हमी मिळाली नसती. ती फक्त व्यावसायिक विक्रेता आणि ग्राहक यांच्यातील व्यवहाराला लागू होते, आणि चौदा दिवसांच्या मुदतीचेही तसेच. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारात नागरी संहितेतील 'व्हिस काशे', म्हणजे छुप्या दोषाची हमी, तेवढी उरते. तिची कलमे १६४१ पासून सुरू होतात. दोष सापडल्यापासून दोन वर्षांत आणि विक्रीपासून वीस वर्षांच्या आत दावा करता येतो, मात्र दोष खरेदीपूर्वीचा होता, नजरेला दिसणारा नव्हता आणि गंभीर होता, हे सगळे घेणाऱ्याने सिद्ध करायचे असते.

बारामतीकर (लियों)

याचा अनुभव मी घेतला आहे. एका गृहस्थांकडून जुनी गाडी घेतली होती. सक्तीच्या तांत्रिक तपासणीचा कागद सहा महिन्यांच्या आतला होता, त्यात काही वावगे नव्हते. तीन आठवड्यांनी चढावर दुसऱ्या गियरमधून तिसऱ्यात जाताना कडकड आवाज येऊ लागला. गॅरेजवाल्याने गियरबॉक्स उघडला तेव्हा आत धातूचा चुरा आणि पूर्वी कधीतरी केलेल्या कच्च्या दुरुस्तीच्या खुणा सापडल्या.

गाडी लगेच दुरुस्त करून घेण्याची चूक मी जवळजवळ केली होती. गॅरेजवाल्याने थांबवले. म्हणाला, सुटे भाग आहेत तसे राहू द्या, विकणाऱ्याला पत्राने कळवा आणि दोघांच्या उपस्थितीत तज्ज्ञाची पाहणी करून घ्या. त्या तज्ज्ञाच्या अहवालावरच सगळे ठरले. कायद्याने गाडी परत देऊन पूर्ण पैसे मागता आले असते, पण मी गाडी ठेवून किमतीतील काही रक्कम परत घेतली. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. तरी सात महिने गेले, हे सांगितले पाहिजे.

निशिगंध (तुलूझ)

सर्वांचे आभार. काल पुन्हा दुकानात जाऊन आले आणि बिलावरची ती ओळ दाखवली. या वेळी एक व्यवस्थापक बाहेर आले. त्यांनी शब्द बदलले: कायदेशीर हमी आहे, पण ड्रममध्ये क्षमतेपेक्षा जास्त कपडे भरल्यामुळे बेअरिंग गेले असणार, आणि तसे निघाले तर तपासणीचे पैसे भरावे लागतील. मशीन न पाहताच त्यांनी हे सांगितले. आम्ही घरी दोघेच आहोत.

आता लेखी पत्र पाठवावे, की आधी त्यांना फोनवर आणखी एकदा समजावून पाहावे?

पंचगंगा (कोल्हापूर)

दुकानदार म्हणून सांगतो, आधी शांतपणे बोला. गिऱ्हाईक कागद आणि कलमे घेऊन आले की काउंटरवरचा माणूस बिथरतो आणि मग मदत करण्याची इच्छा असली तरी मागे हटतो.

अनुस्वार (नान्त)

पंचगंगा, दोनदा जाऊन शांतपणे बोलून झाले आहे. फ्रान्समध्ये पत्राला भांडण समजत नाहीत, ती इथली रोजची रीत आहे. घरमालक, बँक, विमा कंपनी, सर्वांशी असाच व्यवहार चालतो. ताई, रजिस्टर एडीने, म्हणजे इथल्या भाषेत 'आव्हेक आक्यूझे द रेसेप्सियों' असे पत्र पाठवा. तीस दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद नको असेल, तर ती पोचपावती हवीच.

सीनकाठ (पॅरिस)

अनुस्वार यांच्याशी सहमत आहे. पत्राची भाषा मात्र पंचगंगा म्हणतात तशीच सौम्य असावी. दोन्ही गोष्टी एकत्र जमतात. पत्रात खरेदीचा आणि घरपोच मिळाल्याचा दिनांक, दोषाचे साधे वर्णन, दोन्ही भेटींचे दिनांक, एल २१७-३ आणि एल २१७-७ या कलमांचा उल्लेख, आणि दुरुस्ती हवी की बदली याची स्पष्ट निवड असावी. "जास्त कपडे भरले असणार" हा अंदाज झाला, पुरावा नाही. तुम्ही एकाच वाक्यात लिहा की तसे म्हणणे असेल तर तंत्रज्ञाने मशीन पाहून दिलेला लेखी अहवाल पाठवावा. बिलाची प्रत जोडा, मूळ बिल कोणालाही देऊ नका.

उत्तर आले नाही तर पुढच्या पायऱ्या अशा. 'सिन्याल कोंसो' या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ती दुकानाला कळवली जाते आणि ग्राहक संरक्षणाच्या सरकारी यंत्रणेलाही दिसते. तुमचे पैसे त्यातून थेट मिळत नाहीत, पण मोठी दुकाने सहसा उत्तर देतात. त्यानंतर ग्राहक मध्यस्थ. २०१६ पासून प्रत्येक व्यावसायिकाने असा मध्यस्थ नेमून त्याचे नाव ग्राहकाला कळवायचे असते. ग्राहकाला त्याचा खर्च येत नाही, मात्र आधी दुकानाला लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि त्या तक्रारीपासून एका वर्षाच्या आत त्याच्याकडे जावे लागते. पाच हजार युरोंपर्यंतच्या वादात न्यायालयाआधी मध्यस्थी किंवा सलोख्याचा प्रयत्न करणे आवश्यकच आहे, आणि सलोखा घडवणारे 'कोंसिलियातर द जुस्तीस' विनामूल्य काम करतात. दहा हजार युरोंपर्यंत वकीलही सक्तीचा नाही.

फ्रेंचची भीती वाटत असेल तर जवळच्या 'प्वँ-जुस्तीस' केंद्रात वेळ घेऊन जा. तिथे कायदेविषयक सल्ला फुकट मिळतो.

गिरगावकर (मुंबई)

वाचताना एक गोष्ट राहून राहून मनात येते. ग्राहक पंचायतीचे काम पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केले, म्हणजे आपल्याकडे ही चळवळ काही नवी नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, सदोष मालाबद्दल दोन वर्षांत तक्रार करता येते, १९१५ या क्रमांकावर मदतही मिळते. पण प्रत्येक नव्या वस्तूला इतकी वर्षे हमी असलीच पाहिजे, आणि तोपर्यंत दोष मुळातलाच मानला जाईल, अशी सरसकट तरतूद त्यात नाही. वॉरंटी कार्डावर कंपनी जे छापील तेवढेच, असेच बहुतेक ग्राहक धरून चालतात. ग्राहकाचे निम्मे बळ पुरावा गोळा करण्यातच खर्ची पडते. ते ओझे कायद्यानेच उचलले तर किती फरक पडतो, हे या धाग्यात दिसते.

पंचगंगा (कोल्हापूर)

गिरगावकर, पुराव्याबाबत तुमचे म्हणणे मला पटते. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन "व्होल्टेजमुळे गेले" म्हणतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसते, हे मी माझ्याच दुकानात अनेकदा पाहिले आहे. तसा नियम आपल्याकडे आला आणि त्याचा भार उत्पादकावर थेट पडला, तर मी त्याला पाठिंबा देईन.

कोलोनवासी (जर्मनी)

वाढीव हमीबद्दल कोणी काही लिहिले नाही. ताईंनी ७९ युरो वाचवले ते योग्यच केले, असे समजायचे का?

बारामतीकर (लियों)

पहिली दोन वर्षे कायदा जे फुकट देतो, त्यासाठी पुन्हा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तिसऱ्या वर्षापासून पुढची मुदत, किंवा हातून पडून फुटणे यासारखे नुकसान त्यात धरले असेल, तरच विचार करावा, आणि तोही अटी वाचून.

निशिगंध (तुलूझ), २० सप्टेंबर २०२५

मंडळी, मूळ प्रश्नाकडे परत येते. सीनकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे पत्र लिहिले, अनुस्वार यांनी ईमेलवर फ्रेंच तपासून दिले. पोचपावतीवर २६ ऑगस्टचा शिक्का आहे. १२ सप्टेंबरला दुकानातून फोन आला आणि काल तंत्रज्ञ घरी आला. त्याने मागचे झाकण काढून मला बोलावले आणि दाखवले: ड्रमच्या दांड्याभोवतीचे रबरी सील एका बाजूने मुडपून बसले होते, तिथून पाणी आत शिरून बेअरिंग गंजले होते. जास्त कपड्यांचा काही संबंध नाही, असे तोच म्हणाला. नवे बेअरिंग, नवे सील, पैसे शून्य.

कामाच्या पावतीवर मात्र 'जेस्त कोमेर्सियाल', म्हणजे दुकानाकडून सौजन्य म्हणून, असे लिहिले आहे. मी सही केली. ठीक आहे ना?

सीनकाठ (पॅरिस)

अभिनंदन, पण ते तसेच सोडू नका. कायदेशीर हमीखाली दुरुस्ती झाली तर त्या वस्तूची हमी सहा महिन्यांनी वाढते, एल २१७-१३. पावतीवर 'सौजन्य' लिहिलेले राहिले, तर उद्या दुकान म्हणू शकते की ती दुरुस्ती हमीतली नव्हतीच. आजच ईमेल करा, आपल्या पत्राचा आणि पोचपावतीचा संदर्भ द्या आणि पावती दुरुस्त करून मागा.

निशिगंध (तुलूझ), २५ सप्टेंबर २०२५

दुरुस्त केलेली पावती आज सकाळी आली. तिच्यावर 'गारांती लेगाल द कोंफोर्मिते' असे लिहिले आहे. म्हणजे ९ मार्च २०२६ ऐवजी आता ९ सप्टेंबर २०२६, बरोबर?

सीनकाठ (पॅरिस)

बरोबर.

अनुस्वार (नान्त)

ताई, बिल आणि पावती दोन्हींचे फोटो आजच काढून ठेवा. दुकानाच्या बिलाचा कागद उष्णतेने छापलेला असतो, वर्षभरात अक्षरे पुसट होतात.